राज्यपालांचे बंधू

१४ ऑक्टोबर २०२४

जनू,

तुझ्या नव्या पत्त्यावर हे माझं पहिलं पत्र. पाकिटावर तुझ्या नावापुढे मी सवयीने ‘महामहिम राज्यपाल’ लिहिलं, तर पोस्टातली प्रतिक्षा म्हणाली, “काका, आता ते राज्यपाल नाय ना?” मग खोडलं. खोडलेलं पाकीट दिल्लीला पाठवणं बरं दिसेना, म्हणून दुसरं घेतलं. नुसतं नाव लिहिलं. फार उघडंबोडकं वाटलं बघ.

रागावू नकोस, पण राज्यपाल होतास तेव्हा आम्हांला सोयीचं होतं. मिठागरावर वाढलेला पोरगा पोलिसात मोठा साहेब झाला, सगळी नोकरी सीमेवरच्या राज्यांत काढली, आणि निवृत्त झाल्यावर डोंगरातल्या एका राज्याचा राज्यपाल झाला, हे गावाला कळत होतं. मोठा बंगला, दारात तुरेवाला शिपाई. आपली अर्धी आळी येऊन राहून गेली तुझ्याकडे. तुझ्या स्वयंपाकघरात बायकांनी सुकट भाजली तेव्हा तो खानसामा खिडक्या उघडत धावत होता, आठवतं? आता विचारतात, “जनूदादा दिल्लीत नक्की काय करतात?” मी म्हणतो, राष्ट्रीय सुरक्षेचं काम आहे, बाहेर बोलायचं नसतं. खरं म्हणजे मलाच माहीत नाही.

गेल्या आठवड्यात क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस होतं. तीन वर्षं माझं नाव पत्रिकेत ‘राज्यपालांचे बंधू’ म्हणून छापत होते, खुर्ची पहिल्या रांगेत. यंदा ‘माजी राज्यपालांचे बंधू’. खुर्ची दुसऱ्या रांगेत, खांबामागे. मला त्याचं काही नाही. सहज सांगितलं.

तुझा फोन लागत नाही. एकदा लागला तर कोणीतरी हिंदीत माझं नाव, गाव, काम विचारलं. मी म्हटलं, सख्खा भाऊ आहे. तो म्हणाला, नोट कर लिया. म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं शेवटी लिहितो. आपल्या बायची तब्येत बरी नाही. पेणचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता जपायचं. तिची पोरगी इंदुबाई सासर सोडून तिच्याजवळ येऊन राहिली आहे. मी शेजारीच, रोज जातो. बाय एकच विचारते, “जनू कवा येल रं?” आई गेल्यावर ही थोरली बहीणच तुला कडेवर घेऊन मिठागरात जायची. तुझ्यावर तिचा जीव आहे, माझ्यापेक्षा जास्त. ते मी कधीच मान्य केलं आहे. एकदा येऊन जा.

केरूदादा


२६ डिसेंबर २०२४

जनू,

तुझा माणूस येऊन गेला. साधे कपडे, पायात मात्र कडक बूट. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, साहेब संक्रांतीनंतरच्या रविवारी येतील, दुपारी, तासाभरासाठी. बहिणीला भेटतील आणि जातील. कोणालाही कळता कामा नये. पुन्हा म्हणाला, कोणालाही. आणि माझ्याकडे असा बघत राहिला की तू त्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगूनच धाडलं असणार.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुझं लहानपणापासूनचं म्हणणं. आता बघच. बायला आणि इंदुबाईला तेवढं सांगितलं, कारण तो निरोप त्यांच्यासाठीच होता. बाकी अळीमिळी गुपचिळी. इतका गप्प आहे की सरपंच विशाल विचारत होता, “काका, बरं नाय काय?” त्याला फक्त एवढंच म्हटलं, की गावच्या रस्त्यातले खड्डे जानेवारीत बरे दिसणार नाहीत. जानेवारीतच का, हे सांगितलं नाही.

बाय आत्ताच कामाला लागली आहे. इंदुबाईला म्हणते, “गो, ती जुनी हातरी काढ, जनू खुर्चीवं बसल्यावं मना त्याचं त्वांड दिसत नाय.” तिला आता कमी दिसतं. तू खाली चटईवरच बस.

केरूदादा


२० जानेवारी २०२५

जनू,

काल काय झालं ते तुला तुझ्या माणसांनी सांगितलं असेलच. मीही सांगतो, म्हणजे गैरसमज नको.

बायने सकाळीच आंघोळ केली. ठेवणीतलं लुगडं नेसली. इंदुबाईने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बाय दारात हातरीवर बसली, भिंतीला पाठ लावून. डॉक्टरांनी बसायला मनाई केली आहे, पण ऐकते कोण. दुपार झाली. तू आला नाहीस, तो कडक बुटांचा माणूस आला. बायशी एक शब्द बोलला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब येणार नाहीत.” मग नाक्यावर जाऊन त्या फ्लेक्सचे फोटो काढले.

फ्लेक्सचं म्हणशील तर बातमी कोणी फोडली देव जाणे. विशाल सरपंच झाल्यापासून त्याला कशाचाही फ्लेक्स लावायचा सोस आहे. पेणचा प्रविण त्याला उधार छापून देतो. दोन दिवस हा फ्लेक्स नाक्यावर आणि पेण स्टेशनबाहेर होता म्हणतात. वर तुझा राज्यपाल असतानाचा फोटो. खाली ‘देशाचे सुरक्षारक्षक मा. जनार्दनसाहेब यांचे जन्मभूमीत आगमन’, तारीख, वेळ, आणि मिरवणुकीचा मार्ग. सुरक्षारक्षक! लोकांना वाटलं तू कुठल्या बँकेच्या दारात उभा असतोस. कोपऱ्यात माझाही फोटो टाकला होता. मला न विचारता.

मी विशालला फैलावर घेतलं आहे. तू मनात काही धरू नकोस. बाय दिवे लागेपर्यंत दारातच बसून राहिली, मग इंदुबाईने हाताला धरून आत नेलं.

नवी तारीख कळव. या वेळी मी स्वतः लक्ष घालीन.

केरूदादा


२ फेब्रुवारी २०२५

जनू,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे मला कळतं आहे.

तुझ्या दौऱ्याची बातमी टीव्हीवर दाखवली. आपल्या नाक्यावरचा फ्लेक्स, त्यावर लाल गोल, आणि ती बातम्या देणारी मुलगी हसत हसत सांगत होती, की ज्यांच्याकडे देशाची गुपितं, त्यांचं वेळापत्रक चौकात. दिल्लीत तुला कोणासमोर मान खाली घालावी लागली असेल, कोणाला काय उत्तर द्यावं लागलं असेल, मला अंदाज नाही. सुजयने रोह्याहून फोन केला. धाटावला त्याच्या शिफ्टमधली सगळी पोरं तो व्हिडिओ बघत होती. त्याने विचारलं, “बाबा, तुम्हीच ना?” पोटच्या पोराने विचारावं. मी नाही म्हणालो.

तुलाही मागच्या पत्रात तेच लिहिलं. खोटं लिहिलं. विशालला मीच सांगितलं. खड्ड्यांचा विषय मीच काढला, त्याने दोनदा का म्हणून विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी सगळं ओतलं. तो म्हणाला, काका, मग सत्कार नको? मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, साधाच करा. मजकूर मी सांगितला. ‘सुरक्षारक्षक’ हा शब्दही माझाच, मला तो भारदस्त वाटला. कोपऱ्यातला फोटो मी पेणला स्टुडिओत जाऊन काढून घेतला, नवी टोपी घालून. त्याखाली काय लिहिलं होतं ते तू बघितलंच असशील.

का केलं ते लिहितो. त्या खांबामागच्या खुर्चीची गोष्ट मी सहज सांगितली म्हणालो होतो, ती सहज नव्हती. धाटावच्या कंपनीत जन्मभर मी व्हॉल्व्ह फिरवले. मला कोणी केरू म्हणून कधी पत्रिकेत छापलं नाही. तू राज्यपाल झालास तेव्हा मलाही काहीतरी झाल्यासारखं वाटलं. ते गेलं, आणि या वयात मला ते सोसलं नाही. लिहितानाही लाज वाटते आहे.

आता रोज बायच्या पायाशी बसून म्हणतो, बाय, माझ्यामुळे तो आला नाही. ती म्हणते, “येल रं. तू नको रडू.” दिवसातून दहादा विचारते, जनू कवा येल. इंदुबाई माझ्याशी बोलत नाही, चहा तेवढा पुढ्यात आणून ठेवते.

जनू, माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. मी रोह्याला सुजयकडे जाऊन राहतो. पण तिच्यासाठी एकदा ये. डॉक्टर आता महिने नाही, दिवस मोजतात.

केरूदादा


१९ फेब्रुवारी २०२५

जनू,

आज जरा बरी बातमी आहे.

सोमवारी सकाळी बाय मला म्हणाली, “केरू, मना वालाच्या वल्या शेंगा खावाच्या हान. निडीच्या.” आता दिवस सरत आले शेंगांचे. मी म्हटलं, पेणच्या बाजारातून आणतो. नाही म्हणाली, निडीच्याच पाहिजेत, तुझ्या व्याह्याच्या शेतातल्या, आणि आजच. लहान पोरासारखी हट्टाला पेटली. इंदुबाईही म्हणाली, “जा ना मामा, तिचा जीव हाय शेंगांत.” इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली, म्हणून मला हुरूपच आला. सकाळच्या गाडीने निघालो.

निडीला आपल्या सुनेचे, मनालीचे वडील हैबतराव मला सोडेचनात. शेंगा काढून दिल्या, मग जेवायला बसवलं, मग म्हणाले, आडवे व्हा जरा, संध्याकाळच्या गाडीशिवाय आता गाडी कुठे आहे. एरवी हा माणूस दोन वाक्यांत उठतो. त्या दिवशी मला सगळी शेती फिरवून दाखवली. म्हटलं, व्याह्यांना माझी कीव आली असणार.

घरी येऊन बघतो तर काय, बाय उठून बसलेली! अंगावर ठेवणीतलं लुगडं. तोंडावर असा उजेड की मी वर्षभरात बघितला नव्हता. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मीच सोलून तिला भरवल्या. चार दाणे खाल्ले असतील, पण हसत खाल्ले. माझा हात धरून म्हणाली, “लय केलंस रं तू माझ्यासाठी.”

तेव्हापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. जनू कवा येल हे तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही. तू कधी येशील हे विचारायचं थांबवण्याइतकं समाधान माझ्या त्या शेंगांनी तिला दिलं, असं मी म्हणत नाही. पण काहीतरी दिलं. तुला आणता आलं नाही, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं. तुलाही हे वाचून बरं वाटेल म्हणून लगेच लिहिलं.

केरूदादा


२० मार्च २०२५

जनू,

बाय १० तारखेला गेली. निरोप तुझ्या त्या नंबरवर दिला होता. नोट कर लिया, म्हणाले. तू आला नाहीस. कसा येशील, मीच तुझ्या वाटेवर फ्लेक्स लावून ठेवला.

झोपेतच गेली. तिला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी दिला. गावात होळी आली, आपली आळी सुतकात. लोक भेटायला येत होते, आणि जो तो म्हणायचा, जनूदादांची भेट राहिली बिचारीची. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो. कोणी मला तोंडावर बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

काल दहावा झाला. खाडीच्या काठावर पिंड ठेवला. मला माहीत होतं कावळा शिवणार नाही. सगळ्या गावाला माहीत होतं तिची इच्छा काय राहिली ते. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं: कावळे लांब बसून राहिले की पुढे व्हायचं, हात जोडायचे, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, बाय, माझ्या चुकीने जनूची भेट राहिली, मी त्याला घेऊन येईन, तुझ्या फोटोसमोर बसवीन, आता घास घे. चारचौघांत एकदा बोलून टाकलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं.

मी पिंड ठेवून पुरता वळलोही नव्हतो, तोच कावळा आला. एक नाही, तीन. घास घेऊन गेले. माझे हात जोडायचे राहिले. भटजी म्हणाले, तृप्त गेली बाई. मी लोकांकडे बघितलं, तर सगळे दुसरीकडेच बघत होते. विशाल चप्पल शोधायला लागला. इंदुबाई पदर तोंडाला लावून पाण्याकडे वळली.

मला वाईट वाटलं, खरं सांगतो. तुझ्यासाठी झुरत गेली ती, आणि इच्छा काही राहिलीच नाही? कावळ्यांना काय कळतं म्हणून घरी आलो. पण डोक्यातून जात नाही.

केरूदादा


६ एप्रिल २०२५

जनू,

मला कळलं आहे.

इंदुबाईला दोष देऊ नकोस. आठवडाभर तो कावळा माझ्या डोक्यात बसला होता. शेवटी दहा दिवसांपूर्वी ती बायची भांडी आवरत होती, तेव्हा मी सरळ विचारलं, “इंदू, तिची काहीच इच्छा राहिली नव्हती काय गो?” ती पातेलं पुसत राहिली. मी म्हटलं, जनू सोडून दुसरी कसली इच्छा होती तिला? मग हातातलं पातेलं खाली ठेवून ती रडायलाच लागली. “मामा, धाकला मामा येऊन गेला. तुमी निडीला गेलाव ना, तवा.”

साधी गाडी, पुढे-मागे कोणी नाही. खाली हातरीवर बसलास. तिने तुझं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. भाकरी आणि सुकट खाल्लीस, तिच्या हातून. जाताना आळीतल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवलास. म्हणजे पोरांनाही माहीत. विशालला माहीत, तो नाक्यावर उभा राहून गाड्या बघत होता. हैबतरावांना माहीत. माझ्या सुजयला माहीत, त्यानेच त्यांना फोन करून सांगितलं होतं, बाबांना संध्याकाळपर्यंत सोडू नका. ज्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं ते जेवायच्या आत कळतं, त्या गावाने दीड महिना एक गोष्ट पोटात ठेवली. फक्त माझ्यापासून.

मी इंदूला विचारलं, जनूने सांगितलं होतं का, केरू नको म्हणून? ती म्हणाली, “नाय. आईनंच सांगितलं. केरूला निडीला धाडते म्हनाली. आनी म्हनाली, मी मेल्याव बी त्याला सांगू नका. त्याच्या जिवाला लागंल.”

त्यानंतर तीन आठवडे मी रोज तिच्या पायाशी बसून रडत होतो. बाय, माझ्यामुळे तो आला नाही. आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, येल रं, येल.

तुमचं काही चुकलं नाही. मी तुला लिहिलं होतं की रोह्याला जाऊन राहतो, तर तेवढ्यावरही माझा भरवसा कोणी धरला नाही, आणि तेही बरोबरच. रोह्याला गेलो असतो तर सुजयच्या बिल्डिंगच्या जिन्यातच कोणाला तरी सांगितलं असतं. मला स्वतःला ओळखायला बहात्तर वर्षं लागली, बायला लागली नाहीत.

ती समाधानाने गेली. मी तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं, एवढं कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पहिल्या क्षणी वाटलंही. मग ते शेंगांचं पत्र आठवलं. ‘निदान एवढं तरी माझ्या हातून झालं’ म्हणून मी तुला कौतुकाने कळवलं होतं. ते तू वाचलं असशील. दिल्लीत, टेबलाशी बसून, सगळं माहीत असताना. हसलास का रे? हसला असशील तर मला चालेल. कीव आली असेल तर ते मात्र सोसवत नाही.

एक मागणं आहे. मला कळलं हे कोणाला सांगू नकोस. इंदूलाही मी बजावलं आहे. गावातले लोक अजून येतात, ओट्यावर बसतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, “जनूदादांची भेट झाली पायजे होती.” मी मान हलवतो. म्हणतो, हो ना. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला अजून पत्ता नाही. वाटू दे. सुजय फोनवर अडखळत बोलतो, मी तिसराच विषय काढतो. बायचा शब्द त्यांनी माझ्यासाठी पाळला, तो त्यांच्याकडून मोडला असं मला त्यांना वाटू द्यायचं नाही. सुरुवातीला जिभेवर यायचं. आता येत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तुला माझ्यावर असेल, तो तू काढ. पण समोर येऊन काढ. बाय गेली, आता आपण दोघंच राहिलो. मला ना सत्कार करायचा, ना कोणाला दाखवायचं. खाली हातरी टाकतो, एकदा माझ्याही समोर बस.

येशील तेव्हा आधी कळवू नकोस. माणूस पाठवू नकोस. मी घरीच असतो.

केरू